चांदीचं नाणं परत डब्यात ठेवा

आषाढ लागला की आमच्याकडे फोटो यायला लागतात. किल्ल्याच्या वाटेवर पांढरीशुभ्र अळंबी दिसली, खायची का? फोटोवरून मी उत्तर देत नाही आणि कुणी दिलं तर ऐकू नका. निम्म्या खुणा मातीखाली असतात, आणि तुम्ही फोटो काढता तो छत्रीचा!

देठ वरून खुडू नका, माती उकरून अख्खी काढा. वारुळावरच्या, खायच्या अळंबीचा देठ निमुळता होत खोल वाळवीच्या घरापर्यंत जातो. तळाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी आणि वर देठाला झालर असेल, तर ती बहुधा विषारी अ‍ॅमानिटा. तिथेच टाका. हात लावल्यानं विष चढत नाही, घाबरू नका.

छत्री कागदावर पालथी घालून, वर वाटी झाकून रात्रभर ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरचीचा फिका गुलाबी, अ‍ॅमानिटाचा पांढरा. हिरवट आला तर ती हिरवळीवर उगवणारी, उलट्या-जुलाबांनी लोळवणारी. गुलाबी ठशाच्याही विषारी जाती आहेत बरं का.

आता ते चांदीचं नाणं. भाजीत नाणं टाकून काळं पडतं का, हे बघू नका. लसूण घालून बघू नका, तांदूळ घालूनही नाही. अ‍ॅमानिटातल्या जीवघेण्या विषानं चांदी काळी पडत नाही. ते विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही, तळून जात नाही. गोगलगायीनं कुरतडली होती म्हणता? तिला पचतं ते तुमच्या यकृताला पचत नाही. चव छान होती? वाचलेले रोगीही हेच सांगतात! खाल्ल्यावर सहा-सहा, कधी चोवीस तास काही होत नाही. मग उलट्या, जुलाब. मग दिवसभर बरं वाटतं, माणूस घरी जायचा हट्ट धरतो, आणि आत यकृत निकामी होत असतं. पुन्हा सांगतो, नाणं नको.

आजी टाकायची नाणं, असं एक ताई दरवर्षी लिहितात. अहो, आजी नाण्यावर विसंबत नव्हती! तिला वारुळं पाठ होती, कुठल्या पावसानंतर कुठं जायचं ते ठाऊक होतं. गावात अशी कुणी असेल तर तिच्यामागे चार पावसाळे हिंडा. तोवर बाजारातली धिंगरी आणा.

कुणी खाल्लीच असेल, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते. आणि डॉक्टरांना जेवणाची नेमकी वेळ सांगा.