रक्तक्षय आणि हृदयाचे श्रम



उसाच्या फडात पहाटेपासून राबणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई आजारी आहे, असे कोणी म्हणत नाही. चढताना तिला दम लागतो, छातीत धडधडते. परंतु तिचा एकही खाडा पडत नाही. एवढ्यावरून मुकादमापासून घरच्या माणसांपर्यंत सर्वजण तिला धडधाकट ठरवून मोकळे होतात. हा समज फसवा आहे. रक्तातील उणीव तिचे हृदय जादा श्रम करून झाकीत असते, आणि ते झाकू शकते तोवर ती कामावर येत राहते.

तांबडी रक्तपेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली चिमुकली चकती. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. झिजलेल्या पेशींची जागा घेण्यासाठी अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार होतात. पेशीतील हिमोग्लोबिन हे लोहयुक्त द्रव्य फुप्फुसांतून प्राणवायू उचलून सर्व अवयवांना पोचविते. लोह अपुरे पडले की पेशी लहान व फिकट निपजतात. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व अपुरे पडले, तर त्या आकाराने मोठ्या परंतु संख्येने थोड्या होतात. या दुसऱ्या प्रकाराच्या संशोधनाचा एक धागा मुंबईत आहे. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने १९२८ पासून तेथील गिरणी कामगार वस्तीतील गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले.

आता हृदयाकडे वळू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. शंभर मिलिलिटर रक्तात बारा ग्रॅमऐवजी सहाच ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर प्रत्येक फेरीत निम्माच प्राणवायू पोचतो. गाडीत निम्माच माल मावू लागला, तर खेपा वाढवाव्या लागतात. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरविणारे हृदय मग अधिक वेगाने आणि प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त लोटू लागते. अडचण अशी, की त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही त्याच निकृष्ट रक्तावर भागवावे लागते. स्वस्थ बसलेल्या माणसातही हा स्नायू आपल्याकडे आलेल्या प्राणवायूपैकी दोनतृतीयांशांहून अधिक वापरून टाकतो. त्याच्याजवळ शिल्लक अशी फारशी नसते. तीव्र रक्तक्षय महिनोन् महिने टिकला, तर हृदयाचे कप्पे ताणून मोठे होतात, पायांवर सूज येते, आडवे झाल्यावर धाप लागते. हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या प्रौढांना तर त्यापूर्वीच छातीत दुखू लागते.

गर्भारपणात हे ओझे दुणावते. रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते, आणि बाळंतपणानंतर लगेच गर्भाशयाकडील रक्त एकदम परत येते. दमलेले हृदय नेमके त्या वेळी कोलमडू शकते. म्हणून गर्भवतीचे हिमोग्लोबिन सात ग्रॅमच्या खाली आढळल्यास गोळ्यांवर विसंबून न राहता तिला वेळीच रुग्णालयात न्यावयास हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळ्यांचे वाटप मात्र १९७० पासून चालू आहे! वाटप झाले म्हणजे गोळी पोटात गेली असे नव्हे, हे नोंदवह्या तपासणारांनी ध्यानात घ्यावे. मळमळते, शौचास काळी होते, म्हणून बाया गोळ्या फडताळात ठेवून देतात. काळा रंग लोहाचा असतो व तो निरुपद्रवी आहे, एवढे आशाताईने किंवा शिक्षिकेने आधीच सांगितले, तरी निम्मी भीती जाते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळा उपकारक ठरतो. शेतात अनवाणी वावरणारांच्या पोटातील आकडीकृमी रक्त शोषतात, तेव्हा जंताचे औषधही हवेच. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलची तपासणी आवश्यक आहे, कारण तेथील प्रत्येक फिकट मूल लोहाअभावीच फिकट असते असे नाही.

हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्याबरोबर गोळ्या थांबविण्याची घाईही नको. शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यास त्यानंतर आणखी सुमारे तीन महिने लागतात.