घास अडकला तर मान आठवा



मानेच्या मणक्यातली गादी सरकते, नस दबते, हाताला मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावता येईनाशी होतात, चालताना तोल जाऊ लागतो. मग डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘हातपाय तर जाणार नाहीत ना?’ तो विचारायलाच हवा. अन्ननलिकेबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. मणक्याच्या ऑपरेशनशी घास गिळण्याचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. मी आज त्या संबंधाबद्दलच बोलणार आहे.

हा संबंध जागेचा आहे. गळ्याला पुढून हात लावला की आधी श्वासनलिका लागते. तिच्या मागे अन्ननलिका आणि अन्ननलिकेच्या लगेच मागे मानेचे मणके. मज्जारज्जू त्याहूनही मागे. गादी सरकून मज्जारज्जूला दाबते ती बहुधा त्याच्या पुढच्या बाजूने. पाठीमागून जायचं म्हटलं तर मज्जारज्जू वाटेत येतो आणि त्याला ढकलून बाजूला करता येत नाही. म्हणून सर्जन पुढून जातात. १९५०च्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट रॉबिन्सन आणि जॉर्ज स्मिथ यांनी, आणि होनोलुलूत राल्फ क्लॉवर्ड यांनी ही वाट रूढ केली. गळ्याच्या एका बाजूला लहानसा छेद घ्यायचा, मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूला आणि श्वासनलिका-अन्ननलिका आतल्या बाजूला सारायच्या, की समोर मणका येतो. गादी काढून तिथे हाडाचा तुकडा किंवा केज, म्हणजे छोटा पोकळ ठोकळा, बसवतात आणि पुष्कळदा वरून धातूची प्लेट स्क्रूने घट्ट करतात. या ऑपरेशनने असंख्य लोकांचे हात पुन्हा कामाला लागले आहेत. ज्याला त्याची गरज आहे त्याने ते टाळावं, असं मी मुळीच सुचवत नाही.

पण या वाटेत अन्ननलिका सरकवावी लागते, आणि ती नाजूक असते. रिकामी असताना ती ओल्या कापडाच्या पट्टीसारखी चपटी पडलेली असते. आतड्याला बाहेरून जे चिवट आवरण असतं, तेही तिला नाही. घसा संपून अन्ननलिका सुरू होते ती साधारण सहाव्या मणक्याच्या पातळीवर. तिथे मागच्या बाजूला स्नायूंचा थर मुळातच विरळ असतो. आणि सर्वांत जास्त ऑपरेशनं होतात ती पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमध्येच!

इजा दोन तऱ्हांनी होते. पहिली ऑपरेशनच्या वेळी: अन्ननलिका बाजूला धरून ठेवणाऱ्या रिट्रॅक्टरचं पातं रुततं, ड्रिल किंवा धारदार हत्यार निसटतं. आधी एकदा ऑपरेशन झालेल्या मानेत सगळं चिकटलेलं असतं, अपघातात मणका मोडलेला असेल तर सगळं सुजलेलं असतं. तिथे धोका वाढतो. अनुभवी सर्जन म्हणूनच मधून मधून रिट्रॅक्टर सैल करतात आणि टाके घालण्यापूर्वी अन्ननलिका नीट पाहून घेतात. दुसरी तऱ्हा पुढे कधीतरी घडते. एखादा स्क्रू हळूहळू सैल होऊन पुढे येतो, प्लेटची कड अन्ननलिकेच्या मागच्या भिंतीवर घासत राहते आणि एक दिवस तिथे भोक पडतं. हे काही महिन्यांनी होऊ शकतं, कित्येक वर्षांनीही.

घाबरू नका, हे दुर्मिळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या २१ केंद्रांनी २००५ ते २०११ या काळातल्या मानेच्या मणक्याच्या ९,५९१ रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा त्यांत अन्ननलिकेला भोक पडलेले २ रुग्ण निघाले. इतर अहवालांत प्रमाण याहून जास्त आहे, पण तेही बहुधा शंभरात एकाच्या आतच.

मग एवढ्या दुर्मिळ गोष्टीसाठी रेडिओवर वेळ का घ्यायचा? कारण ती वेळेवर ओळखली तर रुग्ण वाचतो आणि उशीर झाला तर जिवावर बेतते. अन्ननलिका आणि मणके यांच्यामधली जागा सलग खाली छातीत उतरते. लाळ, अन्न आणि त्यांतले जंतू एकदा तिथे शिरले की पू छातीत, हृदयाच्या आसपास पसरायला वेळ लागत नाही.

उशीर का होतो, तेही सांगतो. ऑपरेशननंतर गिळताना दुखणं, घास अडखळणं हे पुष्कळ जणांना होतं. ओढाताणीने सूज आलेली असते, काही आठवड्यांत ती ओसरते. त्यामुळे ‘होईल बरं’ हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच ठरतं, आणि जिथे ते चुकतं तिथे दिवस हातचे जातात. वर्षांनंतरच्या त्रासात तर आणखी घोटाळा होतो. मणक्याच्या डॉक्टरांकडे जाणं कधीच थांबलेलं असतं. घसा दुखतो म्हणून रुग्ण घशाच्या डॉक्टरांकडे जातो, खोकला आणि न्यूमोनिया वारंवार होतो म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे, वजन उतरतं म्हणून आणखी कुणाकडे. गळ्यावरची जुनी खूण सुरकुतीत लपून गेलेली असते. ‘मानेचं ऑपरेशन झालंय’ हे सांगायचं त्याला सुचत नाही, कारण त्याच्या लेखी तो विषय संपलेला असतो. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. धागा रुग्णाच्याच हातात असतो, आणि त्याचं महत्त्व त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून लक्षात ठेवा. मानेचं ऑपरेशन पुढून झालं असेल आणि गिळण्याचा त्रास कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, मान सुजली असेल, जखमेतून पू, लाळ किंवा खाल्लेलं अन्न बाहेर येत असेल, गळ्याच्या कातडीवर बोट दाबल्यावर आत हवा करकरत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तोवर तोंडाने काही घेऊ नका, पाणीसुद्धा नको. आणि त्रास वर्षांनंतरचा असला, तरी ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना पहिल्या वाक्यात ऑपरेशनबद्दल सांगा.

तपासणीत औषध गिळायला देऊन एक्स-रे काढतात, सीटी स्कॅन करतात, दुर्बीण घालून आतून पाहतात. लहान भोक एखाद्या तपासणीत दिसतही नाही. म्हणून एक रिपोर्ट चांगला आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा विचारा. डॉक्टरांना राग येईल याची भीड धरू नका. उपचार चिकाटीचा असतो. तोंडाने खाणंपिणं बंद, अँटिबायोटिक्स, नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीने अन्न. पुष्कळांना ऑपरेशन लागतं: पू काढायचा, भोक शिवायचं, मानेतल्या स्नायूची पट्टी वळवून त्यावर आधाराला बसवायची. मणके जुळून आले असतील तर प्लेट काढून टाकतात. यात आठवडे जातात, कधी महिनेही. घरातले सगळे जेवायला बसलेले असताना नळीतून पातळ अन्न घेणाऱ्या माणसाचे हाल केवळ शरीराचे नसतात, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

शेवटी कागदांबद्दल. डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी आहेत का, ते घरी जाण्याआधी पाहा: ऑपरेशन पुढून की मागून, कोणते मणके, प्लेट आणि स्क्रू आहेत का. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. मात्र त्या जपून ठेवण्याचं बंधन त्याच नियमांत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचंच आहे. स्क्रू सैल व्हायला याहून जास्त काळ लागू शकतो. तेव्हा ऑपरेशनची पूर्ण नोंद लगेच मागून घ्या, तिची एक प्रत घरात आणि एक फोनमध्ये ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.