वेगाचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. गिरणीच्या साचेखात्यात अठ्ठावीस वर्षे काढली. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्या. विषय आहे बुलेट ट्रेन आणि सामाजिक विषमता.

१४ सप्टेंबर २०१७ रोजी भारत आणि जपानच्या पंतप्रधानांच्या हस्ते अहमदाबादला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. ५०८ किलोमीटरचा मार्ग, बारा स्थानके, ताशी ३२० किलोमीटर वेग. तेव्हाचा अंदाजे खर्च एक लाख आठ हजार कोटी रुपये. त्यातले सुमारे ८१ टक्के जपानचे कर्ज.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवशी, आपल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. गिरण्या बंद पडल्या, त्या जागेवर टोलेजंग ऑफिसं उभी राहिली, हजारो नोकरदार तिथं उतरू लागले. पूल मात्र जुनाच, अरुंदच राहिला. मग लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. म्हणजे काम अशक्य नव्हतं. माणसं मरेपर्यंत ते कुणाला निकडीचं वाटलं नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, बुलेट ट्रेनचा पैसा वेगळा, पुलाचा वेगळा. खरं आहे. जपानचं कर्ज त्याच कामासाठी आहे आणि व्याजही नाममात्र, ०.१ टक्के. पण मुद्दल तर फेडायचंच आहे, आणि सरकारी तिजोरीत साबणाची वडी घेणाऱ्या बाईचाही कर असतो. इंडोनेशियाने चीनच्या कर्जावर जकार्ता ते बांडुंग १४२ किलोमीटरची अशीच गाडी २०२३ साली सुरू केली. खर्च अंदाजाबाहेर गेला. २०२५ मध्ये कर्जफेडीच्या मुदतीसाठी बोलणी करायची वेळ आली.

पालघरच्या आदिवासी गावांनी २०१८ साली जमीन मोजणीला विरोध केला, तो उगाच नाही. ज्यांच्या शेतावरून गाडी जाणार, त्यातल्या बहुतेक गावांत ती थांबणारच नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही. यंत्रावरच माझं घर चाललं. पण साच्याचा वेग वाढवला की आम्ही विणकर आधी विचारायचो : धागा किती तुटणार? आणि कापड खराब झालं तर पगार कुणाचा कापणार? हाच प्रश्न बुलेट ट्रेनला विचारायचा आहे. वेगाचा फायदा कुणाला आणि तूट कुणाच्या अंगावर?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की मताला समान किंमत देऊन सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. मताची किंमत सारखी असेल, तर लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याच्या जिवाची किंमत कमी कशी?

तरुणांना माझी विनंती आहे. नुसत्या टाळ्या वाजवू नका. आपल्या स्टेशनचे जिने, पूल, सकाळची गर्दी स्वतः बघा, नोंदी ठेवा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहिता येत नसेल तर रविवारी विहारात या. मी कागद घेऊन बसलेला असतो.

जयभीम! जय भारत!