कला आणि आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नाही आणि कलावंतही नाही. तथापि घरात घडलेल्या एका प्रसंगाने आमचे लक्ष या विषयाकडे वेधले. तो प्रसंग प्रथम सांगतो.

आमच्या आत्याबाईंस काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचे बोलणे त्यांस समजे. परंतु पाणी मागावयाचे म्हटले तरी शब्द ओठांवर येत नसे. पुढे भाद्रपदात घरी गणपती बसले. सायंकाळी आरती सुरू झाली आणि खुर्चीत बसलेल्या आत्याबाई आमच्याबरोबर स्पष्ट शब्दांत आरती म्हणू लागल्या! कोणी चमत्कार म्हटले, कोणी डोळे पुसले. आरती संपली आणि वाचा पुन्हा पूर्ववत बंद झाली.

डॉक्टरांनी याचा उलगडा केला. वाणी घडविणारे केंद्र बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या अर्धात असते, हे पॅरिसमधील पॉल ब्रोका यांनी १८६१ पासूनच्या संशोधनाने दाखवून दिले. आत्याबाईंचा नेमका तोच भाग दुखावला होता. गायनाच्या कामी मात्र मेंदूचा उजवा अर्धही हातभार लावतो आणि लहानपणापासून मुखोद्गत असलेले शब्द सुरांचे बोट धरून बाहेर येतात. याच तत्त्वावर बोस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ मध्ये एक उपचारपद्धती मांडली. रुग्णाने डाव्या हाताने ठेका धरावयाचा, लहानसे वाक्य सुरात म्हणावयाचे आणि सूर हळूहळू कमी करीत साध्या बोलण्यावर यावयाचे. या उपचाराचा सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही. आमच्या आत्याबाई मात्र कित्येक महिन्यांच्या सरावानंतर ‘पाणी दे’ असे म्हणू शकल्या. त्या दोन शब्दांचे मोल ज्यांच्या घरी असे दुखणे आले असेल, त्यांसच कळेल.

कलेचा उपयोग केवळ आजाऱ्यासच होतो असे नव्हे. २००३ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ स्त्रीपुरुषांच्या दीर्घ निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचन, बुद्धिबळासारखे बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. येथे सावधगिरीही हवी. कलेमुळे मेंदू सतेज राहिला, की मेंदू सतेज होता म्हणून कला टिकली, याचा पूर्ण निवाडा अशा निरीक्षणाने होत नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रोग टाळण्यास आणि आजारपणात आधार देण्यास कला साहाय्यभूत होते, असाच कौल मिळाला. पुण्यातही नृत्यकार हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले आहेत. चालताना अडखळणारे पाऊल ठेक्याच्या आधाराने पुढे पडू शकते, हे अशा वर्गांचे मर्म होय.

हे का घडते, ते समजणे कठीण नाही. पेटी वाजविणाऱ्याची बोटे, कान, नजर आणि स्मरणशक्ती एकाच वेळी कामास लागतात. भजन म्हणणाऱ्याचा श्वास दीर्घ होतो. फुगडी आणि झिम्म्याने अंगास व्यायाम घडतो, तोल सुधारतो. आणि या सर्वांहून मोठा लाभ म्हणजे चार माणसांची संगत. वृद्धपणी एकटेपणासारखा दुसरा रोग नाही.

परंतु भगिनींनो आणि बंधूंनो, आपले आज काय झाले आहे? आमच्या बालपणी मंगळागौरीची रात्र घरोघर जागविली जाई आणि तीत सासुरवाशिणीपासून आजीपर्यंत सर्वजणी खेळत. आज आपल्या संमेलनात मुले नाचतात आणि आपण मोठी माणसे खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवितो. आत्याबाई स्वतः तरुणपणी उत्तम गात असत. पण संसाराच्या रामरगाड्यात त्यांचे गाणे कधी थांबले, ते घरात कोणासही सांगता येत नाही. आम्हीही त्यांस कधी गावयास बसविले नाही. ही चूक आमची आहे आणि ती येथे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. ‘आता या वयात कसले गाणे?’ हा प्रश्न घराघरांतून हद्दपार झाला पाहिजे. गळा गोड असण्याची येथे अट नाही. कला हे औषध बंद करण्याचे निमित्त नव्हे. औषधासोबत घ्यावयाचे ते पथ्य होय.

म्हणून मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. ज्ञातिगृहाच्या कपाटात एक पेटी आणि टाळांचे सहा जोड कुलपात पडून आहेत. ते कुलूप काढावे आणि दर गुरुवारी सायंकाळी तास दीड तास सर्व वयांच्या सभासदांनी एकत्र गावयास बसावे. यास फारसा खर्च नाही. इच्छा तेवढी हवी. पहिल्या गुरुवारी आम्ही आत्याबाईंस घेऊन येऊ. त्यांचा उजवा हात अजून चालत नाही. परंतु डाव्या हाताने त्या उत्तम ठेका धरतात.