सोसायटी म्हणजे काय?



इंग्रजी नव्याने शिकू लागलेल्या मनुष्यास समाज आणि समाजजीवन ह्यांविषयी चार वाक्ये बोलता यावीत, एवढ्यासाठी त्याला प्रथम कोणते शब्द द्यावेत, हा माझा आजचा विषय आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि परळच्या एका शाळेत मुलांना इंग्रजीचा ओनामा शिकविण्यात आयुष्य घालविलेला मी एक मास्तर आहे. तेव्हा कोशकाराचा आव न आणता माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून प्रारंभ करतो.

काही वर्षांपूर्वी आमची जुनी चाळ पाडून तेथे नवी इमारत बांधण्याचे ठरले. रहिवाशांची सोसायटी स्थापन व्हावयाची होती. आमच्या मजल्यावरील एक वृद्ध काकी हातात इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान गिरणीत होते; ते वारून बराच काळ लोटला होता, पण खोली अद्याप त्यांच्याच नावावर होती.

"मास्तर, सोसायटी म्हणजे काय हो?" त्यांनी विचारले.

मी घाईत होतो. शाळेत तीस वर्षे जे सांगत आलो तेच सांगितले, "काकी, सोसायटी म्हणजे समाज."

"मग आपला समाज आहेच की इथे! त्याला अर्ज कसला करायचा?" असे म्हणून त्या समाधानाने परत गेल्या. अर्जाची मुदत टळली. पुढे यादी लागली, तीत त्यांचे नाव नव्हते. नाव चढविण्यासाठी दाखले, प्रतिज्ञापत्रे आणि खेटे ह्यांत चार महिने गेले. ज्या चाळीत त्या पंचावन्न वर्षे राहिल्या, तेथील लहानथोर त्यांना ओळखत होते. पण कागद त्यांना ओळखत नव्हता. दोष कागदाचा नव्हता, माझ्या अर्थ सांगण्याचा होता.

त्या दिवसापासून मी शब्दाला शब्द देणे सोडले. आपल्या 'समाज' ह्या एका शब्दात इंग्रजीचे निदान दोन शब्द लपलेले आहेत. एक 'कम्युनिटी' आणि दुसरा 'सोसायटी'. नवशिक्याने हे दोन्ही शब्द त्यांच्या क्रियापदांसह पाठ करावेत. 'आय बिलाँग टु धिस कम्युनिटी' आणि 'आय जॉइन्ड द सोसायटी'. पहिलीचे आपण असतो. दुसरीत आपण दाखल होतो. पहिलीत ओळख पुरते. दुसरीत अर्ज, वर्गणी, भाग आणि नोंदवही लागते. मोठ्या, व्यापक अर्थाने 'सोसायटी' म्हणजे सारा मानवसमाज हे खरेच. परंतु नवशिक्याची तिच्याशी पहिली गाठ पडते ती बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या रूपाने. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 साली झाला आणि महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा 1960 सालचा. तेव्हापासून हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला आहे. परंतु तोंडी रुळलेला शब्द समजलेला असतोच असे नाही.

आता 'कम्युनिटी'. परळ-लालबागच्या जुन्या माणसाला ती समजावून देण्यास पुस्तक नको. कोकणातून वा घाटावरून आलेला गिरणी कामगार एकटा असे. गावच्या मंडळाच्या खोलीत तो वळकटी टाकी आणि एखाद्या बाईकडे खानावळ लावी. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव ह्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. चाळीत नळ सामाईक, गॅलरी सामाईक, गणपती सामाईक. इंग्लंडात अशा सामाईक नळाला 'कम्युनल' म्हणतील. आपल्या देशात मात्र ह्याच शब्दाला जातीय द्वेषाचा वास चिकटला आहे. म्हणून विद्यार्थ्याने नळाविषयी बोलताना 'कॉमन' म्हणावे, हे बरे.

'पब्लिक' हा तिसरा शब्द. मुंबईच्या बोलीत पब्लिक म्हणजे गर्दी. नाटकाला पब्लिक होते, असे आपण म्हणतो. इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ 'सर्वांचे' असा आहे. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली गणेशोत्सव सुरू झाला, त्याला आपण 'सार्वजनिक' म्हटले. तोच हा अर्थ. परळचे के. ई. एम. रुग्णालय 1926 साली सुरू झाले, तेही ह्याच अर्थाने 'पब्लिक' आहे. मुलांना मी विचारीत असे, "पब्लिक बाक म्हणजे कोणाचा?" उत्तर येई, "कोणाचाच नाही." हे उत्तर चुकीचे ठरविण्यास व्याकरणाचा उपयोग होत नाही, बाकावर नाव कोरणाऱ्या मुलाच्या शेजारी उभे राहावे लागते.

आता कामगारवस्तीतील शब्द. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना काढली, तिचे इंग्रजी नाव 'मिलहँड्स असोसिएशन'. 'हँड' म्हणजे हात. अख्खा माणूस कामावर ठेवावयाचा आणि मोजावयाचा मात्र त्याचा हात! परंतु त्याच नावात 'असोसिएशन' हाही शब्द आहे, म्हणजे एकत्र येणे. सुटे हात एकत्र आले, तेव्हा 1890 साली त्यांना रविवारची सुटी मिळाली. 1928 साली 'गिरणी कामगार युनियन' निघाली. ह्या नावात दोन शब्द आपले आणि एक इंग्रजीचा. तरी ते नाव कोणा कामगाराला परके वाटले नाही.

'स्ट्राइक' ह्या शब्दाचीही गंमत आहे. इंग्रजीत त्याचा नेहमीचा अर्थ घाव घालणे. आपण म्हणतो 'संप', आणि शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकोपा. एकाच घटनेकडे एका भाषेने आघात म्हणून पाहिले, दुसरीने ऐक्य म्हणून. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले होते. तो आमच्या घरांनी पाहिला, आणि त्यात शब्दाचे दोन्ही अर्थ अनुभवले.

आता सर्वांत महत्त्वाचा धडा. एकाच माणसाला इंग्रजीत किती नावे पडतात, हे विद्यार्थ्याला सांगावे. तो घरात राहतो म्हणून 'रेसिडेंट'. भाडे देतो म्हणून 'टेनंट'. घर त्याच्या मालकीचे झाले म्हणजे 'ओनर'. सोसायटीच्या नोंदवहीत नाव चढले म्हणजे 'मेंबर'. शेजाऱ्याच्या दृष्टीने तो 'नेबर', आणि देशाच्या दृष्टीने 'सिटिझन'. माणूस एकच, पण प्रत्येक नावाचा हक्क निराळा व कर्तव्य निराळे. आमच्या काकी रेसिडेंट होत्या, उत्तम नेबर होत्या, मतदार सिटिझनही होत्या. केवळ मेंबर नव्हत्या. हे सहा शब्द त्यांना निरनिराळे करून कोणी सांगितले असते, तर त्यांचे चार महिने वाचले असते.

ह्या शब्दांबरोबर चालणारी क्रियापदेही शिकवावीत. आपण मत 'देतो' म्हणून मुलगा 'गिव्ह अ व्होट' असे लिहितो. इंग्रज 'कास्ट' म्हणतो, किंवा नुसतेच 'व्होट' म्हणतो. आपली सभा 'भरते', त्यांची मीटिंग 'हेल्ड' होते. आपण सभेस हजर राहतो. ते मीटिंग 'अटेंड' करतात, मध्ये 'टु' घालीत नाहीत. आणि 'कन्सेंट' म्हणजे संमती, हा शब्द प्रौढ विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यात द्यावा. आंबा, गाढव, सिंह हे शब्द मागाहून शिकले तरी चालतील. सिंह काही कोणाकडे सही मागावयास येत नाही.

हे आजच का सांगतो? बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे 207 चाळी बांधल्या. त्यांतील खोली 160 चौरस फुटांची. त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून 'बीडीडी' हे नाव पडले. तेव्हाच्या 'डेव्हलपमेंट'ला आता 'री' लागला आहे. चाळींच्या जागी उंच इमारती येत आहेत. आमच्यासारख्या खाजगी चाळींचीही तीच वाट आहे. घर मोठे होते, नळ आपापला होतो, ही सुखाची गोष्ट आहे. तिच्याबद्दल उगाच उसासे टाकणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण ह्या स्थित्यंतरात माणूस कम्युनिटीतून सोसायटीत जातो, आणि त्या दोहोंमधील अंतर इंग्रजी कागदांनी भरलेले असते.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. आपण शिकलेली मंडळी आहात. आपल्या मजल्यावर कोणी काका, कोणी मावशी इंग्रजी कागद घेऊन आली, तर शब्दाला शब्द देऊन त्यांची बोळवण करू नका. हा कागद आपल्याकडून काय मागतो, काय देतो, आणि केव्हापर्यंत, हे तीन प्रश्न त्यांच्यासमवेत बसून सोडवा.

काकी आज नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहतात. परवा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून भागाचा दाखला काढून मला दाखविला. त्यावरील आपल्या नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तर, आता मी सोसायटीत आहे. पण समाज कुठे गेला हो? इथे सगळ्यांची दारे बंद!"

ह्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. मी एवढेच म्हटले, "काकी, मेंबर झालात, आता पुन्हा नेबर होऊ या." त्या हसल्या, आणि उठून त्यांनी आपले दार उघडे केले.