न रुचलेले उत्तररामायण

(बुलढाणा जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



लोणारच्या सरोवराकाठी वाढलेल्या माणसाला लवणासुर हे नाव नवे नाही. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला, ही कथा इथल्या मुलांना शाळेची पायरी चढण्यापूर्वीच ठाऊक होते. सरोवराच्या परिसरातील सीतान्हाणी आणि रामगया ही स्थाने तर लोकश्रद्धेने थेट रामकथेशीच जोडलेली आहेत. त्यामुळे वाल्मीकींच्या उत्तरकांडातही एक लवणासुर आहे, तो यमुनेकाठच्या मधुवनात राहतो आणि शत्रुघ्नाच्या हातून मारला जातो, हे ऐकले की या जिल्ह्यातील श्रोता क्षणभर थबकतो. परंतु थबकण्याची खरी जागा पुढेच आहे. लवणासुरावर चालून जाताना शत्रुघ्न एका रात्रीपुरता वाल्मीकींच्या आश्रमात उतरतो आणि त्याच रात्री तिथे सीतामाईला दोन पुत्र होतात. बारा वर्षांनी परतताना त्याच आश्रमात त्याच्या कानी रामचरित्राचे गायन पडते. सैनिक चकित होतात, मुनींना विचारावे म्हणतात. शत्रुघ्न त्यांना थांबवतो. अयोध्येत पोहोचल्यावरही तो त्याविषयी बोलत नाही. घरातले दुखणे घरातल्याच माणसाने मनात दाबून ठेवावे, तसा हा प्रसंग आहे.

उत्तरकांडाविषयी हिंदू समाजाचे मन पुष्कळसे या शत्रुघ्नासारखेच राहिले आहे. ठाऊक सर्वांना, बोलायचे कोणी नाही. 1988 साली मात्र हे मौन दूरदर्शनच्या पडद्यापुढे मोडले.

रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झाली. रविवारची सकाळ, साडेनऊची वेळ. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या ओसरीपर्यंत शेजारीपाजारी दाटीवाटीने बसत. छपरावरचा अँटेना फिरवायला एक मुलगा वर, चित्र दिसते की नाही हे ओरडून सांगायला दुसरा खाली. आणि वीज गेली तर सर्वांचाच जीव टांगणीला! संचाला हार घालणारी, उदबत्ती लावणारी माणसे भोळी म्हणून त्या वेळी काही विद्वानांच्या थट्टेचा विषय झाली. पण ज्या पिढीने कीर्तनात रामकथा उभी राहून ऐकली होती, तिला पडद्यावरच्या रामापुढे हात जोडण्यात संकोच वाटण्याचे कारणच नव्हते. मराठी प्रेक्षकाला तर घरचीच माणसे भेटत होती. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, मंथरा ललिता पवार आणि भरत संजय जोग!

31 जुलै 1988 रोजी राज्याभिषेकाने मालिका संपली. सागरांच्या दृष्टीने कथा तिथेच पूर्ण होत होती आणि त्यांच्या पाठीशी भक्कम आधारही होता. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त सीतात्यागाची कथा नाही. वाल्मीकिरामायणातही युद्धकांडाच्या अखेरीस फलश्रुती येते. त्यावरून उत्तरकांड मागाहून जोडले गेले असे अनेक अभ्यासक मानतात.

मध्यमवर्गीय घरांना हा शेवट मानवला. समाजातील एका घटकाला मात्र तो मानवला नाही. ऑगस्ट 1988 मध्ये पंजाबातील जालंधर येथे सफाई कामगारांनी काम थांबवले. भगवान वाल्मीकींना आपले आराध्य मानणारे हे लोक. आंदोलन उत्तर भारतातील इतर शहरांत पसरले, रस्त्यांवर कचरा साचला आणि मागणी काय, तर वेतनवाढ नव्हे; पुढचे रामायण दाखवा! कारण त्या पुढच्या भागात आदिकवी स्वतः कथेत उतरतात. अयोध्येने जिला दूर केले, तिला त्यांचा आश्रम आसरा देतो, तिच्या मुलांना वाढवतो, धनुर्विद्या आणि रामायण शिकवतो. तो भाग गाळणे म्हणजे ज्याने कथा सांगितली त्यालाच दाराबाहेर ठेवणे, अशी त्यांची भावना होती. सरकारला मागणी मान्य करावी लागली आणि 1988-89 मध्ये ‘लव कुश’, म्हणजेच उत्तररामायण, पडद्यावर आले.

हे आंदोलन हसण्यावारी नेणारे कमी नव्हते. पण रामकथेत आपला वाटा मागण्यासाठी सफाई कामगार काम थांबवतो, याहून मोठी रामभक्तीची साक्ष कोणती? जातीपातींनी दुभंगलेल्या समाजाला रामाशिवाय दुसरा दुवा नाही, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. तोच दुवा घट्ट धरून एक वंचित वर्ग उभा राहिला, तेव्हा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहणारे फार थोडे निघाले, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

मालिकेने मात्र प्रेक्षकांची मने दुभंगली. 2 ऑक्टोबर 1988 पासून ‘महाभारत’ सुरू झाल्याने लोकांचे लक्ष तिकडे ओढले गेले हे खरे. परंतु मूळ अडचण वेगळी होती. कुणाला रामाला या रूपात पाहणेच असह्य होते, कुणाला हा भाग प्रक्षिप्त म्हणून त्याज्य वाटे. घरातल्या आजीला यांपैकी कशाचेच सोयरसुतक नसे. तिचा प्रश्न एकच, ‘त्या लेकराचा काय गुन्हा?’

सागरांनी यावर तोडगा काढला. वाल्मीकींच्या ग्रंथात लक्ष्मण आश्रमदर्शनाच्या निमित्ताने सीतेला नेतो आणि गंगेपलीकडे गेल्यावर तिला सत्य सांगतो. मालिकेत सीता स्वतःच राजधर्मासाठी अयोध्या सोडण्याचा निश्चय करते. हेतू शुद्ध होता, रामाला दोषातून सोडवण्याचा. पण त्याने प्रश्न सुटला नाही. उलट, त्यागाचा सारा भार पुन्हा तिच्याच खांद्यांवर आला, आणि तिच्यावरील अन्याय पाहून डोळे भरून आलेल्या स्त्रियांना हे समाधान पटले नाही.

याच प्रश्नाशी विदर्भाच्या एका कवीने आठव्या शतकात झुंज घेतली होती. भवभूती हा विदर्भातील पद्मपूरचा. आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या सात अंकांत सीतेचा त्याग टाळलेला नाही, रामाला सोडवलेलेही नाही. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो, जुन्या खुणा पाहून मूर्च्छित होतो आणि अदृश्य सीता त्याला स्पर्शाने सावध करते. आपण काय केले हे राम जाणतो आणि त्याचे दुःख लपवीत नाही. शेवटी वाल्मीकींनी रचलेले नाटक नाटकातच घडते आणि दोघांचे मीलन होते. सीतेला पृथ्वीच्या पोटात जाऊ देण्यास भवभूतीने नकार दिला. मूळ कथेशी एवढे भांडूनही तो महाकवीच राहिला. कुणी त्याला रामद्रोही ठरवले नाही.

विदर्भाच्या लोकमनानेही हा कौल फार पूर्वीच दिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे एकट्या सीतेचे मंदिर आहे. लव-कुशांचा जन्म तिथला, आणि बाळंतिणीला मूठभर गहू नाकारल्याने तिने गावाला शाप दिला, अशी तिथली आख्यायिका. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. जात्यावरच्या ओव्यांत तर सीतेचा वनवास ही बायकांची स्वतःची कहाणी झाली. गदिमांच्या 1955 च्या ‘गीतरामायणा’तही वनात सोडलेल्या सीतेचे गीत आहेच, ते सुरू असताना ज्यांनी रेडिओ बंद केला नाही, त्यांनी उत्तररामायण पाहताना एवढे अस्वस्थ का व्हावे?

2020 च्या टाळेबंदीत 28 मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले. 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. 19 एप्रिलपासून उत्तररामायण आले. 1988 साली अँटेना फिरवणारी मुले आता आई-वडील होऊन मुलींशेजारी बसली होती. तेव्हाचा कुश, स्वप्नील जोशी, एव्हाना मराठी चित्रपटाचा नायक झाला होता. मयुरेश क्षेत्रमाडे याचा लव पाहून ‘हाही मराठी!’ म्हणून पुन्हा कौतुक झाले. सुमारे बत्तीस वर्षांपूर्वी दोन भावंडांच्या गायनापाशी आल्यावर मोठी माणसे रडत आणि मुलांना कारण कळत नसे. या वेळी मुली रडल्या नाहीत. त्यांनी वडिलांना सरळ विचारले, ‘रामाने तिला परत का नाही आणले?’ वडिलांना उत्तर सुचले नाही. मालिका लावून ठेवून ते गप्प बसले, आणि बहुतेक घरांत आजीनेच नातीची बाजू घेतली.