शोभेचा बांबू आणि पोटाचा बांबू



सातारा-सांगलीच्या नव्या वसाहतींत बंगल्याच्या कोपऱ्यावर पिवळाधमक बांबू उभा दिसतो. अंगावर हिरव्या रेघा, जणू कुंचल्याने ओढलेल्या. त्याला फुलोरा क्वचितच येतो, म्हणून बियांची वाट पाहू नये; दोन-तीन पेरांचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडी आडवा पुरला की कोंब येतो. पुढे बेट माजले की मालक कुरकुरतो, अडगळ झाली म्हणून. कारण तो तोडत नाही. बांबू हे गवत आहे. तोडणे हीच त्याची मशागत. कोवळा राखावा, तीन वर्षांवरचा हिवाळ्यात तोडावा. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा हात लावू नये. या जातीत पिठूळ अंश फार, त्यामुळे भुंगा लवकर लागतो. म्हणून तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा. मग तो मांडवाला, कुंपणाला, वेलाच्या आधाराला उपयोगी पडतो.

परंतु सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरूड बांधवांना तो नको असतो. तो जाड, सरळ चिरत नाही. त्यांना हवी सह्याद्रीच्या उतारावरची मेस. आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो. कारखान्यातल्या कामगाराला भांडायला मालकाचे दार तरी असते. बुरुडाने कोणाशी भांडावे? तोच मालक, तोच मजूर. बांबू महागला आणि समोर प्लॅस्टिकची टोपली स्वस्त मिळू लागली, की तो आपली मजुरी आपल्याच हाताने कापतो.

1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणले होते. 2017 साली वनाबाहेरच्या बांबूपुरती ही अट उठली. वनातल्या बांबूला 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज ठरविले. तरी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला आपल्या बांबूच्या वाहतुकीचे पास हाती यायला 2011 साल उजाडले. गाव एकजुटीने उभे होते, म्हणून ते आले. हक्क कागदावर मिळतो, पदरात पाडून घ्यावा लागतो.

तेव्हा पिवळा बांबू खुशाल लावा. पण ओढ्याकाठी, बांधावर, गावच्या पडीक जागेत मेसही लावा. आणि तिच्या तोडणीचा पहिला हक्क गावच्या बुरुडाचा, असा ठराव करा. लग्नघरी सूप त्याच्याच हातचे लागते. त्याच्या घरची चूलही पेटती राहू द्या.